प्रॉसरांकडची किल्ली

आमच्या घरात कुणावर चटकन विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. बाबा पत्राचं पाकीट फोडण्याआधी उजेडासमोर धरून बघायचे, आई दुकानातून आणलेल्या दुधाचा दोनदा वास घ्यायची आणि मी या दोघांवर लक्ष ठेवून असायचे. लंडनजवळ मेडनहेडला असताना हे फारसं जाणवायचं नाही. तिथे ओळखीची अर्धी मंडळी पुण्या-मुंबईची, आणि एकमेकांवर संशय घ्यायला सगळ्यांकडे रीतसर विषय होते: कुणाचं वर्क परमिट वाढलं, कुणाचं अडकलं, कुणी कुणाला पत्ता न लागू देता घर बघितलं. मग बाबांच्या कंपनीने त्यांना वेल्सच्या सीमेजवळच्या एका सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, कारखान्यात कॉम्प्युटर सिस्टिम बसवायला पाठवलं, आणि आम्ही एका अशा खेड्यात येऊन पडलो जिथे एक रस्ता, दहा-बारा घरं, एक लाल फोनबूथ आणि चहूकडे कुरणंच कुरणं. दुकानसुद्धा नाही. पहिल्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, इथली माणसं बाहेर येतात का, की नुसतीच बघतात?" समोरच्या पडद्याचं टोक हललेलं तिने टिपलं होतं.

मेडनहेड सोडायचं खरं कारण नोकरी नव्हती, एवढं मला कळत होतं. त्याच्या आधी आई चार दिवस हॉस्पिटलमध्ये होती. मला सांगितलं, पोटाचं दुखणं. घरी आल्यावर ती महिनाभर कपाट आवरत बसायची आणि मी खोलीत गेले की कप्पा लावून टाकायची. आईबाबा हळू आवाजात बोलत असले आणि मी आले, की एकदम विषय निघायचा तो माझ्या गणिताच्या होमवर्कचा. तेरा वर्षांच्या मुलीला तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ती स्वतःच काहीतरी रचते, आणि जे रचते ते खऱ्यापेक्षा हमखास वाईट असतं. आज माझी स्वतःची मुलगी त्या वयाची आहे, म्हणून हे छातीठोकपणे सांगते.

त्या गावाची शांतता मला सहन व्हायची नाही. कुरणं होती, पण मेंढ्या नव्हत्या. आम्ही येण्याआधी गुरांच्या साथीत सरकारी माणसांनी येऊन सगळे कळप मारून टाकले होते, आणि शेतांच्या गेटांपाशी औषधात भिजवलेला पेंढा अजून कुजत पडला होता. आवाज म्हणाल तर कावळ्यांचा, वाऱ्याचा आणि आमच्या कुकरचा. कुकरची शिट्टी म्हणे पार शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायची. मिसेस पॉवेलनी एकदा अगदी गोड आवाजात विचारलं, की तुमच्याकडे रोज साडेसहाला कसला अलार्म वाजतो. या मिसेस पॉवेल गावच्या चर्चवॉर्डन, म्हणजे आपल्याकडे देवळाच्या पंचांत एखादी खमकी बाई असते ना, तशा. आल्या आल्या त्यांनी एक ॲपल पाय आणून दिला. आईने तो हुंगला, सुरीने कड उचकटून बघितली, "यात चरबी असणार" असं जाहीर केलं आणि मागच्या अंगणात कावळ्यांना घातला. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून त्यातून चकल्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी स्कूलबसच्या खिडकीतून मी बघितलं, तर मिसेस पॉवेलच्या कोंबड्या चकल्या फोडत होत्या. फिट्टंफाट.

गावाबाहेर, दोन कुरणं ओलांडली की चढावर ते चॅपल होतं. नऊशे वर्षांचं, नॉर्मन लोकांनी बांधलेलं. चर्च म्हणून डोळ्यांपुढे जो उंच मनोरा येतो तसलं काही नाही. लाल दगडाचं बसकं, जाड भिंतींचं, एखाद्या कोठारासारखं. खिडक्या एवढ्याशा, की आत डोकं घालायचं म्हटलं तरी जाणार नाही. दाराला अर्धगोल कमान आणि तिच्यावर करवतीच्या दातांची नक्षी, त्यात मधूनमधून चोचीवाले प्राणी तोंड वासून बसलेले. महिन्यातून एकदा दुसऱ्या गावची व्हिकर बाई येऊन प्रार्थना घ्यायची, तेवढ्याला सातआठ म्हातारी माणसं जमायची. एरवी कुलूप. किल्ली मिस्टर प्रॉसरांकडे. चॅपल त्यांच्या जमिनीला लागून, आणि त्यांच्या आजाच्या आजापासून किल्ली त्याच घरात होती, पोर्चमध्ये, चिखलाच्या बुटांच्या वर, खिळ्याला टांगलेली. कारणाशिवाय तिला कुणी हात लावत नसे. मिस्टर प्रॉसर सत्तरीचे, एकटे, मान खाली घालून बोलणारे. त्यांच्याही मेंढ्या गेल्या होत्या. त्यांच्याकडे त्या वर्षी राखण करायला ती किल्लीच काय ती उरली होती.

आम्हाला चॅपल दाखवायला त्यांनीच नेलं. आत ओल्या दगडाचा आणि मेणाचा वास. बाबा छताच्या लाकडाचं वय विचारत होते, मी थंडीने कुडकुडत होते आणि आई भिंतीकडेने चालत चालत एका खांबामागे गेली आणि तिथेच थांबली. ती येईना म्हणून मी गेले. खांबाआड छातीच्या उंचीवर एक दगड बसवला होता आणि त्यावर एक बाई कोरली होती. उघडी, गुडघे फाकवून बसलेली, मोठ्ठ्या डोळ्यांची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिस्टर प्रॉसर कानापर्यंत लाल झाले. पूर्वी ही बाहेर होती, ते जमिनीकडे बघत म्हणाले, पुढे कुठल्याशा व्हिकरला लाज वाटली, तर त्याने आत आणून आडोशाला बसवली. का कोरली, कुणालाच माहीत नाही. आम्ही तिला 'ओल्ड गर्ल' म्हणतो. मला वाटलं, आता आई माझा हात धरून बाहेर ओढणार. तिने पायांतले बूट काढले. त्या गारठलेल्या फरशीवर मोज्यांनी उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "आमच्या मिरजेकडे हिला डोकं नसतं." ते कुणासाठी होतं कुणास ठाऊक. मी तिला कोपराने ढोसून म्हटलं, "आई, बूट घाल ना, प्लीज, ते बघतायत."

त्यानंतर आईत फरक पडला आणि माझ्या नजरेला काम मिळालं. मंगळवारी मी शाळेतून आले की तिचे बूट धुऊन दारात उलटे ठेवलेले असत. बाकीच्या दिवशी चिखल तसाच. वाणसामानाच्या डब्यातला नारळ नाहीसा व्हायचा, आणि खोबरं मात्र कशात दिसायचं नाही. हे आजच्या लोकांना कळायचं नाही, पण तिथे नारळ आणायचा तर बाबांना तासभर गाडी चालवावी लागायची. आई पुन्हा स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण एका मंगळवारी शाळा अर्धीच भरली, मी बसमधून उतरले आणि आई मिस्टर प्रॉसरांच्या अंगणातून बाहेर पडताना दिसली. पदर सावरावा तशी कोटाची पुढची बाजू धरलेली, चालणं भरभर. घरी आल्यावर मी विचारलं, "कुठे गेली होतीस?" ती म्हणाली, "कुठे जाणार मी इथे? घरातच होते."

जे मनात आलं ते लिहायलाही आज लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय तर लिहिते. मला वाटलं, आई आणि तो म्हातारा. बस्स. इतकं बटबटीत. बाबा बिचारे दिवसभर सायडरच्या टाक्यांमध्ये, आणि इकडे हे. त्या दिवसापासून मला मिस्टर प्रॉसरांचा राग येऊ लागला. त्याआधी त्यांनी मला बरंच काही दाखवलं होतं, कुंपणातलं घुबडाचं घर, झऱ्यावरची वॉटरक्रेसची रानभाजी. आता रस्त्यात दिसले की मी मान फिरवायची. ते हात वर करायचे, तसाच हळूहळू खाली न्यायचे. मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्या दाराकडे बघायची.

आणि एका शनिवारी सकाळी मला हवं ते दिसलं. मी चॅपलखालच्या कुरणात गेटाआड उभी होते, आणि मिस्टर प्रॉसर चॅपलमधून बाहेर आले, एका हातात बादली, दुसऱ्या हातात फडकं. बादलीतलं पाणी त्यांनी कुंपणाशी ओतलं, ते लालसर होतं. दुसऱ्याच दिवशी महिन्याची प्रार्थना, आणि मिसेस पॉवेल फुलं लावायला गेल्या, तर त्या दगडी बाईच्या कपाळावर आणि पोटावर लाल डाग. धुतलेला, पण दगडात मुरलेला. दाराचं कुलूप शाबूत, म्हणजे कुणी फोडून शिरलं नव्हतं. गावात एका दिवसात निरनिराळं ऐकू आलं. कुणी म्हणे रक्त, कुणी म्हणे शहरातली पोरं येऊन सैतानाची पूजा करतात, कुणी म्हणे मेंढ्या गेल्यापासून प्रॉसरांचं डोकंच ठिकाणावर नाही. सोमवारी मिसेस पॉवेल मला बसस्टॉपवर भेटल्या. पिशवीतून फ्लॅपजॅक, म्हणजे ओट्सच्या गोड वडीचा तुकडा, काढून दिला. "तुझी खोली तिकडच्या बाजूला ना," म्हणाल्या. "तुला कधी काही दिसलं का गं?"

मी सांगितलं. बादली सांगितली, फडकं सांगितलं, लाल पाणी सांगितलं. तिथे थांबले असते तर ते खरं होतं. पण त्या इतक्या लक्ष देऊन ऐकत होत्या, त्या गावात माझं बोलणं पहिल्यांदाच कुणी इतकं मन लावून ऐकत होतं, आणि मला त्या म्हाताऱ्याला धडा शिकवायचा होता. मी म्हटलं, "मला बघून त्यांनी बादली कोटामागे लपवली." हे झालं नव्हतं. त्यांनी मला बघितलंसुद्धा नव्हतं. तो फ्लॅपजॅक मी बसमध्ये पूर्ण खाल्ला.

बुधवारी एक कॉन्स्टेबल घरोघर फिरला. फार काही नाही, फक्त विचारपूस. आमच्याकडे आला, आईने चहा केला, बाबा कामावर होते. त्याने पारदर्शक पिशवी टेबलावर ठेवली. खांबामागे फरशीच्या फटीत सापडलेल्या वस्तू: थोडे लालसर तांदळाचे दाणे, आणि एक वाळकं, पिवळट, वाकडं काहीतरी. "हे बहुतेक कशाचं तरी हाड," तो म्हणाला, "बोट असावं असं मिसेस पॉवेलना वाटतं." मी बघितलं. हळकुंड होतं. तसलीच हळकुंडं आमच्या डब्यात होती, आजीने मिरजेहून पाठवलेली. आईने पिशवीकडे बघितलं, कपात साखर घातली, ढवळली आणि पुन्हा साखर घातली. "नो," म्हणाली, "आय डोन्ट नो." कॉन्स्टेबल गेल्यावर ती माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली. नारळ कुठे जात होते, तांदूळ कुठे जात होते, मंगळवारी चिखल का धुतला जात होता, सगळं एका क्षणात माझ्यापुढे उभं राहिलं. माझी आई त्या बाईची ओटी भरत होती. मिस्टर प्रॉसर तिला किल्ली देत होते आणि कुणाला दिसू नये म्हणून मागून पुसून घेत होते. आणि मी त्यांच्यावर काडी लावून मोकळी झाले होते.

संध्याकाळी आईने बाबांना सगळं सांगितलं, दार लावून. मी जिन्यावर बसून ऐकलं. बाबा ओरडले नाहीत, त्याचीच भीती वाटली. "परमिटचे कागद होम ऑफिसात पडलेत," ते म्हणाले. "ती पुरातन वास्तू आहे. सरकारी नोंद आहे तिची. तुला कळतंय का, याला इथे काय म्हणतात? आपण यात पडायचं नाही. म्हाताऱ्याला काय होणारे? किल्ली जाईल, एवढंच ना?"

आई म्हणाली, "त्यांच्याकडे दुसरं आहे काय?"

शुक्रवारपर्यंत ठरलं होतं: रविवारी व्हिकर बाई मुद्दाम येणार आणि मिस्टर प्रॉसर किल्ली परत करणार. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी एकच सांगितलं म्हणे, की दार मी उघडलं, जबाबदारी माझी. आत कोण गेलं ते सांगायला तयार नाहीत. मिसेस पॉवेलच्या मते हेच पुरेसं होतं. मी रोज ठरवायची, आज सांगू, बादली लपवली नव्हती एवढं तरी सांगू. पण मग पुढचा प्रश्न आला असता, खोटं का बोललीस, आणि त्याचं उत्तर मी आईसमोर देऊ शकले नसते. मी घाबरट होते, दुसरं काही नाही.

रविवारी आईने साडी नेसली, त्यावर कोट. बाबा म्हणाले, "कुठे?" ती म्हणाली, "तुम्ही येऊ नका, तुमचे कागद आहेत. शरू चल, मला बोलायला तू लागशील." आईचं इंग्रजी कामापुरतं, चारचौघांत उभं राहिलं की तेही पळायचं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. कुरणातून जाताना ती माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. चॅपलमध्ये दहाबारा माणसं होती. मिस्टर प्रॉसर हातपाय धुऊन, टाय लावून आले होते. किल्ली त्यांनी बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या काठावर ठेवली आणि हात मागे घेतला. आई उठली. खांबापाशी गेली. बूट काढले.

"सांग यांना," ती मला म्हणाली, "हे मी केलं. हे कुंकू आहे, रक्त नाही. आमच्याकडे अशी देवी असते, बायका तिची ओटी भरतात." मी सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "सांग, मला या माणसाकडे किल्ली मागायचं धाडस झालं नव्हतं. मी दाराबाहेर पायरीवर कुंकू ठेवून जात होते, ते त्यांनी बघितलं, आणि स्वतः किल्ली आणून दिली. म्हणाले, कुणीतरी तिच्याकडे काहीतरी मागायलाच हवं." मी तेही सांगितलं. मिस्टर प्रॉसरांनी डोळे मिटले. "सांग, मेडनहेडला माझं बाळ गेलं. पाच महिन्यांचं होतं पोटात." इथे माझी जीभ अडली. आई थांबली नाही. "सांग," ती म्हणाली, आणि मी त्या परक्या माणसांना, जे मला स्वतःला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं ते, इंग्रजीत सांगितलं. "सांग, मी दुसरं मूल मागायला येत नव्हते. जी आहे ती नीट राहू दे, एवढंच मागत होते."

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि त्याच आवाजात शेवटचं वाक्य म्हणाली. "आणि ज्याने कुणी या माणसाचं नाव घेतलं, त्याला सांग, जेवढं बघितलं तेवढंच सांगायचं असतं. मनातलं त्यात घालायचं नसतं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "शी सेज सॉरी." मिसेस पॉवेलनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मिस्टर प्रॉसर हळूच म्हणाले, "एवढ्या बोलण्याचं एवढंसंच झालं का पोरी?" ते रागाने म्हणाले नाहीत, पण मी आजही कुणासाठी दुभाष्याचं काम करायला गेले, की तो प्रश्न मला ऐकू येतो.

पुढे काही झालं नाही. व्हिकर बाईने आईचा हात हातात घेतला आणि दगडाला आता पाणी लावू नका, जाणकाराला दाखवू, एवढंच सांगितलं. बाबांचे कागद महिन्याभराने मंजूर होऊन आले. मिसेस पॉवेलनी कुंडाच्या काठावरची किल्ली उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि मिस्टर प्रॉसरांच्या हातात दिली, माफी वगैरे न मागता. डाग मात्र गेला नाही. मधे एकदा गाडी वळवून मुद्दाम बघून आले, फिकट झालाय, पण आहे. त्या रविवारनंतरच्या मंगळवारी मी बसमधून उतरले तर मिस्टर प्रॉसर गेटाशी उभे. खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. जड होती, आणि त्यांच्या खिशात राहून कोमट झालेली. "आईला नेऊन दे," म्हणाले. "आणि संध्याकाळच्या आत आणून टाक." मला त्यांची क्षमा मागायची होती. मी थँक यू म्हटलं. ते वारले तेव्हा आम्ही एडिनबराला होतो, आणि माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आई आता माझ्याकडे असते. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी तिला सगळं सांगून टाकलं. फ्लॅपजॅक, बादली, कोटामागे लपवली ते, आणि तिच्याबद्दल जे मनात आणलं होतं तेसुद्धा. इतक्या वर्षांनी. वाटलं, उठून जाईल. ती शेंगा सोलत राहिली.

"बादलीचं मला माहीत होतं," म्हणाली. "शुक्रवारी तू शाळेत असताना मिसेस पॉवेल दारात आली होती. युअर गर्ल सॉ हिम, युअर गर्ल सॉ हिम हाइड इट, असं दोनदा म्हणून गेली. तेवढं इंग्रजी मला येत होतं."

"मग तू उभी राहिलीस ती..."

"त्यांची किल्ली चालली होती. आणि तू बोलत नव्हतीस."

मी म्हटलं, "पण ते शेवटचं वाक्य मी सांगितलंच नाही त्यांना. गाळलं. तुला कळलं होतं ना?"

आईने सोललेले दाणे माझ्या वाडग्यात ओतले. "त्यांच्यासाठी होतं कुठे ते," ती म्हणाली. "तिथे मराठी आणखी कुणाला कळत होतं?"